नऊशे किलोंच्या आत

मार्च 2017 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सने ‘टॅमो रेसमो’ नावाची दोन आसनी गाडी मांडली. लांबी 3835 मिलिमीटर, उंची 1208 मिलिमीटर. इंजिन सीटच्या पाठीमागे, ताकद मागच्या चाकांना. इंजिन जेमतेम 1.2 लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बो लावलेलं; त्यातून 190 पीएस काढलेले. शून्यापासून ताशी शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा होता. गाडीचं डिझाइन प्रताप बोस यांच्या चमूचं, तुरिनच्या स्टुडिओतलं. पण गाडी पिंपरीत कारखाना असलेल्या कंपनीची, आणि इंजिनाचं कूळही आपल्या ओळखीचं. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या, पुण्याजवळ रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉनमध्ये 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन 110 पीएस देत होतं.

रेसमो विक्रीला आलीच नाही. कंपनीपुढे तेव्हा मोठे प्रश्न होते, त्यात हा प्रकल्प बाजूला पडला. तरी गाड्यांवर जीव असलेल्या पुणेकरांच्या गप्पांत ती अजून निघते, आणि निघाली की 190 पीएसबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एवढी ताकद आज चारचौघांच्या एसयूव्हीतही असते. हळहळ असते ती निराळी. एका भारतीय कंपनीने एकदा तरी गाडी लहान, बुटकी आणि हलकी करायचं मनावर घेतलं होतं, आणि ते हातातोंडाशी येऊन राहिलं.

हा हलकेपणाचा हट्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. गाडी जड असेल तर ताकद वाढवा, प्रश्न मिटला, असं त्याला वाटतं. सरळ रस्त्यावर ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण शर्यतीच्या ट्रॅकवर वळणं असतात, आणि वळणाआधी ब्रेक मारावा लागतो, म्हणून हिशोब ब्रेकपासूनच करू. सरळ पट्टा संपतोय आणि ताशी 160 वरून 60 वर यायचंय असं धरा. नऊशे किलोंची गाडी असेल तर तेवढ्यात सुमारे 760 किलोज्यूल ऊर्जा तिला टाकून द्यावी लागते. यातली बहुतेक ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन साठते. दीड टनाच्या गाडीत हाच आकडा 1270 च्या घरात जातो. पहिल्या गाडीच्या एका ब्रेकमध्ये सव्वादोन लिटर पाणी उकळीला येईल, दुसरीच्या ब्रेकमध्ये पावणेचार लिटर. हे सगळं तीन-साडेतीन सेकंदांत. रोजच्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला तर पुढे डिस्क थंड व्हायला उसंत मिळते. ट्रॅकवर पुढचं वळण काही सेकंदांवर असतं, आणि असं पंधरा-वीस मिनिटं चालतं.

म्हणून रस्त्यावरची चांगली गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर नेली की तीन-चार लॅपनंतर ठरलेली गोष्ट घडते: ब्रेकचं पेडल मऊ पडतं. ब्रेक ऑइलची यात मोठी भूमिका आहे. डॉट-4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. पण हे द्रव हवेतला ओलावा शोषत राहतं आणि ओलावा मुरल्यानंतर त्याच दर्जाची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. कोकणाकडून येणारा मावळातला पाऊस ज्या गाडीने दोन-तीन मोसम पाहिलाय, तिच्या ऑइलचं काय झालं असेल हे सांगायला नको. कॅलिपरच्या तोंडाशी ते उकळतं, वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ट्रॅकवर जायच्या आदल्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदलणं हा हौशी माणसाचा पहिला खर्च असतो, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचाही.

ताकद वाढवून यातलं काहीच सुटत नाही. उलट ताकद वाढली की पट्ट्याच्या शेवटी वेग वाढतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. मग डिस्क मोठ्या लागतात, त्या मावाव्यात म्हणून चाकं मोठी, चाकं मोठी म्हणून टायर रुंद, टायर रुंद म्हणून सस्पेन्शनचे हात जाड. एक वजन दुसरं वजन घेऊन येतं. उलट्या बाजूने गेलं की हीच साखळी आपल्या बाजूने चालते: पन्नास किलो कमी केले की छोटी डिस्क पुरते, 15 इंची चाक चालतं, टायर स्वस्त पडतात. महिन्यातून एखादा रविवार ट्रॅकवर घालवणाऱ्या पगारदार माणसाला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात आधी कळतो, कारण टायरचं बिल त्याला भरायचं असतं.

टायरची एक खोड आहे, तिच्यात वजनाची सारी कहाणी येते. टायरवर भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. शाळेत घर्षणाचा जो सोपा नियम शिकवतात तो रबराला पुरता लागू होत नाही. म्हणजे जड गाडीला वळणात जास्त जोराने आत ओढावं लागतं, आणि तिच्या टायरकडे त्या प्रमाणात पकड मात्र नसते. वळणात भार बाहेरच्या चाकांवर जातो, ब्रेक मारला की पुढच्यांवर. किती जातो हे गाडीच्या वजनावर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे त्यावर ठरतं. रेसमोची 1208 मिलिमीटर उंची दिसायला झोकदार होती हे खरं, पण खरा फायदा इथे होता: वजन खाली, म्हणून चारही टायर जास्त वेळ आपापला वाटा उचलणार.

वजन किती यासोबत ते कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं. इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी आणि चालवणारा माणूस या जड गोष्टी गाडीच्या मध्याजवळ आल्या की तिला वळवायला कमी जोर लागतो आणि वळण संपल्यावर सरळ करायलाही कमी. इंजिन मध्यभागी घेण्यामागे एवढं साधं कारण आहे. त्याची किंमतही चुकवावी लागते. सामानाला जागा उरत नाही, मागचं दिसत नाही, केबिनमध्ये गरम होतं, आणि मागची बाजू सुटली तर ती पटकन सुटते. हौशी माणूस हे सगळं जाणून मागतो.

आता हा हौशी माणूस नक्की काय मागतो, त्याकडे येऊ. बाहेरून वाटतं की त्याला वेग हवाय. त्याच्यासोबत ट्रॅकवर दोन-चार सकाळी काढल्या की दिसतं, त्याला हवी असते खबर. पुढच्या टायरची पकड किती उरलीय, मागची बाजू हलायला लागलीय का, ब्रेक अजून किती दाबता येईल, हे गाडीने आधी सांगावं आणि हाताला, पायाला, बुडाला सांगावं. स्टिअरिंग वळणात हळूहळू जड होत जातं आणि पकड संपायच्या जरा आधी थोडं हलकं पडतं. तो हलकेपणा हातात जाणवणारी गाडी चालकाला शिकवते. जड गाडीत तो जोर पेलण्यासाठी पॉवर स्टिअरिंग लागतं, आणि मोटर मध्ये आली की बरीचशी खबर वाटेतच गळते. 1996 साली आलेल्या लोटस एलीझमध्ये पॉवर स्टिअरिंग नव्हतं, कारण गरजच नव्हती: गाडी सुमारे 725 किलोंची होती.

एलीझचं नाव आलंच आहे तर जरा थांबू, कारण या विषयातला आजही न मोडलेला धडा तीच आहे. रोव्हरचं 1.8 लिटरचं, 118 हॉर्सपॉवरचं साधं इंजिन, तेही कौटुंबिक गाडीतलं. चेसिस मात्र अॅल्युमिनियमच्या लांब पोकळ पट्ट्या गोंदाने चिकटवून केलेली, तिचं वजन अवघं 68 किलो. एका टनामागे हिशोब केला तर एलीझला साधारण 160 हॉर्सपॉवर मिळत होते. आजच्या पावणेदोन टनी एसयूव्हीला तेवढं गुणोत्तर गाठायला 280 हॉर्सपॉवर लागतील, आणि गाठलं तरी वळणात आणि ब्रेकमध्ये तिची बरोबरी होणार नाही. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी 1957 च्या लोटस सेव्हनमध्येही हाच मार्ग धरला होता. तीच सेव्हन 1973 पासून केटरहॅम या नावाने बनते आहे, अजूनही. सत्तर वर्षांत मोटारींचं सगळं बदललं आणि ही एक गाडी टिकली, कारण तिच्यातून काढून टाकण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

हलक्या गाडीची गोष्ट पुण्याला परकी नाही, हे सांगणारा एक दुवा आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने नोव्हेंबर 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये पहिला हिस्सा घेतला. त्याच वर्षी जिनिव्हात केटीएमने आपली पहिली मोटार दाखवली होती, एक्स-बो. इटलीच्या दलाराने घडवलेला कार्बन फायबरचा सांगाडा, ऑडीचं दोन लिटरचं 240 हॉर्सपॉवरचं इंजिन, वजन सुमारे 790 किलो. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढची काचही नाही. पुण्याला त्या भागीदारीतून मोटार मिळाली नाही, मोटरसायकली मिळाल्या. चाकणला बनलेल्या ड्यूक आणि आरसी जगभर गेल्या. त्या मोटरसायकलींचे बायब्रे ब्रेकही पुण्यातच बनतात, ब्रेम्बोच्या कारखान्यात. एक्स-बो चाकणला बनली असती तर, हा प्रश्न मला अजून सतावतो.

आपल्याकडचे प्रयत्न बघू. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म बनू लागली. फायबरग्लासची बॉडी, दोन सीट, रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन, ताकद सुमारे 60 हॉर्सपॉवर. ताकद अगदीच बेताची होती, पण वजनाची दिशा बरोबर होती. त्या काळात तिला जो प्रतिसाद मिळायला हवा होता तो मिळाला नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आली. इंजिन मध्यभागी, मॅन्युअल गिअर, रेनोचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, 250 पीएस. कागदावर सगळं जमलेलं. पण वजन दीड टनाच्या पलीकडे. रूप स्पोर्ट्स कारचं होतं, आणि लोकांनी ते डोळे भरून पाहिलं. ट्रॅकवर जाणाऱ्याला मात्र रूपाच्या आधी वजनकाटा दिसतो. आपल्या शेजारच्या मुंबईत वझिरानी या छोट्या कंपनीने 2021 मध्ये एकोंक ही एक आसनी विजेवर चालणारी गाडी दाखवली. कंपनीने वजन 738 किलो आणि ताकद 722 हॉर्सपॉवर सांगितली. बॅटरीमुळे विजेच्या गाड्या जड होतात हे खरं असलं, तरी एकाच माणसासाठी आणि थोड्याच अंतरासाठी गाडी बांधली तर गणित बदलतं, हे त्यातून दिसलं.

खरं सांगायचं तर मराठी मुलुखातल्या हौशींनी हलकी गाडी कधी शोरूममधून घेतलीच नाही, त्यांनी ती शोधून काढली. मारुती 800 चं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होतं. एस्टीम नऊशेच्या आत, 1.3 लिटरमधून 85 हॉर्सपॉवर. रॅलीत आणि ट्रॅकवर तिने किती वर्षं काढली याला मोजमाप नाही. नंतर होंडा सिटीची 1.5 व्हीटेक आली, 106 हॉर्सपॉवरची, वरच्या आरपीएमला अंगावर काटा आणणारी. जुन्या व्हीटेक आजही जपून ठेवलेल्या असतात, आणि विकायला निघाल्या की फोनवर फोन जातात. यातली एकही स्पोर्ट्स कार म्हणून विकली गेली नव्हती. कारखान्याने काटकसरीसाठी हलक्या ठेवलेल्या या गाड्या होत्या, आणि काटकसरीचा तो गुण ट्रॅकवर फळाला आला.

फोक्सवॅगनने चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू केला आणि पुढच्याच वर्षी पोलो कप ही शर्यतमालिका. एकाच घडणीच्या गाड्या, सगळ्यांना सारखं इंजिन, फरक फक्त चालकाचा. पहिल्या हंगामातल्या गाड्या चक्क डिझेलच्या होत्या. या मालिकेने पुण्यात एक पिढी घडवली, तीही फक्त चालकांची नव्हे: मेकॅनिकांची, डेटा वाचणाऱ्यांची, सस्पेन्शन जुळवणाऱ्यांची. पोलोच्या रस्त्यावरच्या आवृत्तीचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं तेव्हा पुण्यात लोक हळवे झाले, त्यामागे हेही होतं. टाटानेही कोइम्बतूरच्या जयेम ऑटोबरोबर ऑक्टोबर 2018 मध्ये टियागो आणि टिगोर जेटीपी आणल्या. 114 पीएस, खाली बसवलेलं सस्पेन्शन, मॅन्युअल गिअर, आणि टियागोची किंमत साडेसहा लाखांच्या आत. रेसमोच्या तुलनेत साधी गाडी, पण ती लोकांच्या हातात पडली. प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू होईपर्यंत तीही गेली.

ट्रॅकवरची गाडी म्हणजे नेमकं काय, हे या गाड्या बाळगणाऱ्यांनी स्वतः रिंच हातात घेऊन शिकून घेतलंय. वीस मिनिटांचं सत्र संपवून गाडी पिटमध्ये आली की पहिलं काम टायरचा दाब मोजणं. सकाळी 25 अंशांना 30 पीएसआय हवा भरली असेल आणि आतली हवा 65 अंशांवर गेली असेल तर काटा 36 च्या आसपास दाखवतो. वाढलेल्या दाबाने टायर मध्ये फुगतो, जमिनीला टेकणारा भाग आकसतो, आणि सगळी हुशारी पाण्यात. म्हणून हवा सकाळीच कमी ठेवायची, किंवा गरम असताना सोडायची. मग टायरच्या कडेला हात फिरवायचा: बाहेरच्या खांद्यावर रबर खरवडल्यासारखं, दातेरी लागलं तर कॅम्बर कमी पडतोय, चाक वरच्या बाजूने थोडं आत झुकवायला हवं. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत ही सोयच नसते, म्हणून हौशी माणूस वरचा माउंट बदलतो. बॉनेट उघडून तेलाची पातळी बघायची. लांब वळणात तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी काही क्षण हवा येते. एवढ्यात बेअरिंग जाऊ शकतं. ट्रॅकसाठी बांधलेल्या गाडीत तेलाच्या तळात आडपडदे घातलेले असतात, किंवा तेल वेगळ्या टाकीतच ठेवतात. यातली एकही गोष्ट माहितीपत्रकात छापलेली नसते. गाडी ट्रॅकसाठी बांधलीय की ट्रॅकचं नाव लावून विकलीय, हे मात्र इथेच कळतं.

केबिनमधल्या मागण्याही तितक्याच नेमक्या. सीट अशी की वळणात अंग गुडघ्यांनी आवळून धरावं लागू नये, कारण स्टिअरिंगला लटकलेल्या हाताला कसली खबर कळणार? ब्रेक आणि अॅक्सिलरेटर इतके जवळ आणि एका पातळीत, की पंजाने ब्रेक धरून टाचेने अॅक्सिलरेटर टिपता यावा. खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग जुळला की मागची चाकं झटका खात नाहीत. आणि गिअर हाताचा. इथे माझी रेसमोबद्दल तक्रार आहे. तिला सहा गिअरची एएमटी दिली होती, स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलायची. मॅन्युअलच्याच गिअरबॉक्सवर यंत्राने क्लच चालवणारी ही पद्धत शहरातल्या गर्दीत गुणाची आहे, पण ट्रॅकवर दोन गिअरमधला तिचा विराम जाणवतो. ज्या गाडीने चालकाशी बोलायचं, तिने क्लच त्याच्या पायाखालून काढून घेऊ नये. एसी मात्र ठेवावा. पुण्याच्या एप्रिलात हेल्मेट आणि अंगभर सूट घालून बसलेल्या माणसाचं लक्ष घामाने ढळतं, आणि एसीचे दहा-पंधरा किलो लक्षापेक्षा जड नाहीत. यावर कडवे लोक माझ्याशी भांडतात. भांडोत.

मग असली गाडी पुण्यात का बनत नाही? सुट्या भागांत हे शहर कमी नाही. मुंढव्याला भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट घडतात, चाकणच्या पट्ट्यात ब्रेक, गिअर, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळं. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर 1966 पासून एआरएआय ही वाहन तपासणी संस्था आहे. देशातल्या कितीतरी गाड्यांना तिथून प्रमाणपत्रं मिळतात. अडचण विक्रीच्या गणितात आहे. रस्त्यावर आणायची तर मोठ्या गाड्यांच्याच अपघात चाचण्या, प्रदूषणाचे तेच नियम, आणि हा खर्च काही लाख गाड्यांवर न वाटता काहीशे गाड्यांवर वाटायचा. करात मात्र लहान गाडीला सवलत आहे, आणि रेसमोची आखणी बघितली की ती बरोबर त्या चौकटीत बसत होती: पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, लांबी चार मीटरच्या आत. सप्टेंबर 2025 पासून या चौकटीतल्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आहे, मोठ्यांवर 40. परदेशातून आणायची म्हटलं तर आयात शुल्कानेच किंमत बरीच चढते. आणि घरच्या गाडीत मनाजोगते बदल करून ती रस्त्यावर चालवावी, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याच्या मूळ नमुन्यात फेरफार चालणार नाही असं बजावलं. रस्त्यावर हे योग्यच आहे. ताम्हिणीच्या किंवा लवासाच्या वळणांवर समोरून दुधाची गाडी येते, शाळेची बस येते. तिथे पकडीची हद्द शोधणाऱ्या माणसाबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही.

जागेचा प्रश्न मोठा होता. वर्षानुवर्षं पुण्याच्या माणसाला खरा ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई किंवा कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. दोन्ही बाराशे किलोमीटरांच्या आसपास. लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती झाल्या, गर्दीही लोटली, पण सरळ धावपट्टीवर हलक्या गाडीचं निम्मं कसब वाया जातं. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंगची मुलं तयार झाली, आणि कार्ट ही हलक्या गाडीची सगळ्यात शुद्ध शाळा आहे: सस्पेन्शन नाही, गिअर नाही, आहे ते सगळं टायर आणि चालक. आता तळेगावजवळ नानोलीला स्पीडवे झालाय. घरून पहाटे निघून दुपारी जेवायला परत येता येईल इतक्या अंतरावर ट्रॅक असणं, याने या छंदाचं रूप पालटतं.

आणि गाडी? ती या शहरात दर वर्षी बनते, फक्त विकायला नसते. सीओईपीचा ऑक्टेन रेसिंग, निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा क्रॅटोस असे विद्यार्थी संघ फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थी-स्पर्धेच्या नियमांनुसार एक आसनी गाडी बांधतात. वजन दोनशे-सव्वादोनशे किलोंच्या आसपास. पेट्रोलच्या गाडीत सगळी हवा 20 मिलिमीटरच्या छिद्रातूनच आत घ्यायची, त्यामुळे ताकदीला आपोआप मर्यादा. विजेच्या गाडीला 80 किलोवॉटची हद्द. ताकद बांधून टाकली की मुलांसमोर एकच वाट उरते: वजन. अनेक भारतीय संघांनी इंजिन घेतलं ते केटीएम 390 चं, एक सिलिंडरचं, चाकणला बनलेलं. चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा ताकद कमी, पण वजनात इतका फरक की वळणावळणाच्या ट्रॅकवर सौदा फायद्याचा. म्हणजे जो वाद मोठ्या कंपन्यांत चालतो, तोच इथे तिसऱ्या वर्षाची पोरं वर्कशॉपच्या फरशीवर बसून घालतात.

स्पर्धेचे गुण बघण्यासारखे आहेत. हजारपैकी 325 गुण गाडी न चालवताच मिळतात: डिझाइन, खर्च आणि व्यवसायाची मांडणी समजावून सांगण्याचे. परीक्षक ब्रॅकेटवर बोट ठेवून विचारतो, हा एवढा जाड का? ‘असाच मिळाला’ हे उत्तर चालत नाही. मग गाडी धावते. 75 मीटर सरळ, इंग्रजी आठच्या आकाराचं स्किडपॅड, ऑटोक्रॉस, आणि शेवटी 22 किलोमीटरची एंड्युरन्स, मध्ये चालक बदलून. अकरा किलोमीटरनंतर बंद केलेली गरम गाडी पुन्हा सुरू व्हावी लागते, आणि कित्येक संघांची वर्षभराची मेहनत त्या एका स्टार्टरच्या बटणाशी अडते. मला ही अट फार आवडते. ट्रॅकच्या गाडीकडून जे खरं हवं, एक झगमगीत लॅप नको तर शेवटच्या लॅपपर्यंत सारखंच वागणं, ते ही अट नेमकं तपासते.

रस्त्यावरची गाडी करण्याचा हट्ट सोडला तर बरेच अडसर गळून पडतात. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला नंबर प्लेट लागत नाही, आरटीओकडे जावं लागत नाही. ती ट्रेलरवरून येते आणि ट्रेलरवरून जाते. दक्षिणेत एलजीबी फॉर्म्युला 4 च्या एक आसनी गाड्या वर्षानुवर्षं अशाच चालल्या, मारुतीच्या 1.3 लिटर इंजिनावर. पुण्यात असं काही करायचं तर नळ्यांचा जोडलेला सांगाडा, फायबरग्लासचं कवच, रांजणगावच्या जातीचं 1.2 लिटर टर्बो इंजिन पाठीमागे आडवं, मॅन्युअल गिअर, 15 इंची चाकं, शेजारी दुसरी सीट. शिकवणाऱ्याला बसायला ती हवीच. सहाशे-साडेसहाशे किलोंत हे बसायला हरकत नाही. एकेका माणसाने विकत घेण्यापेक्षा तीन-चार मित्रांनी मिळून घ्यावी, किंवा ट्रॅकनेच दहा घेऊन तासावर द्याव्यात. ऑक्टेन आणि क्रॅटोसमधून बाहेर पडलेली मुलं आज चाकण-पिंपरीच्या कंपन्यांत एसयूव्हीच्या दाराच्या बिजागऱ्या आणि सनरूफचे रूळ आखत असतील. त्यांच्यातल्या आठ-दहा जणांना एक शेड, एक वेल्डर आणि दीड वर्ष द्यावं, एवढीच मागणी आहे.